वाऱ्यावर जाणारे शब्द

मोटारसायकल ही आता खेड्यात नवलाईची वस्तू राहिलेली नाही. दुधाचे कॅन तिच्यावरून जातात, खताची पोती जातात, गुरुजी तिच्यावरून वाडीवस्तीवरच्या शाळेत पोहोचतात, आणि दिवाळीच्या सुटीत मुले तिच्यावरूनच रायगड, प्रतापगड करून येतात. गेल्या काही वर्षांत या वाहनाबरोबर आणखी एक वस्तू हिंडू लागली आहे. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा असा कॅमेरा असतो, तो हँडलला, छातीला किंवा हेल्मेटला बांधतात. त्याला ॲक्शन कॅमेरा म्हणतात. रस्ता, घाट, झाडी, समोरून येणारी एस्टी, सारे काही तो टिपत जातो. मुले घरी येतात, कौतुकाने चित्रफीत दाखवतात. चित्र पाहून आपण थक्क होतो. पण आवाज? आवाजाच्या नावाने नुसती घरघर! जणू कोणी तासभर जाते दळत बसले आहे. बोलणारा बोलतो आहे हे ओठांवरून कळते; काय बोलतो आहे ते मात्र देवाला ठाऊक!

हे असे का होते आणि त्यावर उपाय काय, याविषयी आज थोडे सांगायचे आहे. मी मराठीचा अध्यापक, यंत्रविद्येचा नव्हे. तरी या विषयाकडे वळलो तो शब्दांच्या ओढीने. एक उदाहरण सांगतो, म्हणजे ते लक्षात येईल.

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने आपल्या आजोबांना मागे बसवून भोरहून वरंधा घाटाने महाडपर्यंत नेले. आजोबांनी तरुणपणी याच घाटातून बैलगाड्या हाकल्या होत्या. कोणत्या वळणावर बैलांना विसावा द्यायचा, पाणी कुठे मिळायचे, उताराला गाडी कशी रोखून धरायची, हे सारे म्हातारा वाटभर सांगत होता. वळणांना गाडीवानांनी ठेवलेली नावेसुद्धा त्याने सांगितली. नातवाचा कॅमेरा चालू होता. घरी येऊन पाहिले, तर घाट स्वच्छ, दरी स्वच्छ, आणि आजोबांचा एक शब्द कळेल तर शपथ. “पुन्हा एकदा जाऊ,” असे ठरले. पुढच्या पावसाळ्यात आजोबा गेले. ती नावे नकाशात नाहीत, कागदपत्रांत नाहीत. एका माणसाच्या तोंडी होती, ती वाऱ्यावर गेली.

श्रोतेहो, ‘वाऱ्यावर गेली’ हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. ती खरोखरच वाऱ्याने नेली. कशी, ते पाहू.

गावच्या सभेत माईक सुरू झाला की कोणीतरी पुढे येतो आणि ‘फू, फू’ करून त्यात फुंकर घालतो. कर्ण्यातून मेघगर्जनेसारखा आवाज निघतो. आता गंमत पाहा, त्या गृहस्थाने तोंडातून आवाज काढलेलाच नसतो. नुसती हवा सोडलेली असते. माईकच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो. आपण बोललो की हवेच्या दाबात बारीक चढउतार होतात, त्या तालावर हा पडदा थरथरतो, आणि त्या थरथरीची वीज होते. पडद्याला एवढेच कळते की दाब वाढला, दाब कमी झाला. तो दाब शब्दाचा की वाऱ्याचा, हा विवेक त्याच्याजवळ नाही.

आणि वाऱ्याचा दाब किती मोठा, तेही ऐका. साध्या बोलण्याने एक मीटरवर हवेच्या दाबात जो फरक पडतो तो सुमारे दोन शतांश पास्कल, म्हणजे जवळजवळ नाहीच म्हणा ना! उलट ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी चालली असता समोरून येणाऱ्या हवेचा जोर सुमारे १६५ पास्कल भरतो, बोलण्याच्या आठ हजार पट. हा सगळाच जोर गोंगाट होतो असे नाही. दाब एकसारखा राहिला तर तो ऐकू येत नाही. पण वारा कधी एकसारखा वाहतो का? कॅमेऱ्याच्या कडेवर, हेल्मेटच्या काठावर आपटून त्याचे भोवरे होतात, आणि दाब क्षणोक्षणी हेलकावतो. या जोराचा शंभरावा भाग जरी हेलकावला, तरी तो आपल्या शब्दाला ऐंशी पटींनी झाकून टाकतो. त्यात वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. तीसला ४० पास्कलच्या आसपास असतो, तोच साठला १६५ वर जातो. गावातल्या गल्लीत नीट आलेला आवाज हमरस्त्याला लागताच का बुडतो, याचे उत्तर इथे आहे.

कॅमेऱ्याला दोष देऊन भागणार नाही. हा कॅमेरा मुळात चित्रासाठी जन्मलेला आहे. गोप्रो या नावाने तो जगभर पसरला. अमेरिकेतील निक वुडमन यांनी २००४ साली विकायला आणलेला पहिला कॅमेरा तर फिल्मचा रीळ घालायचा होता. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांनी तो मनगटाला बांधायचा आणि फोटो काढायचे. तिथे आवाजाचा प्रश्नच नव्हता. पुढे चलच्चित्र आले, आवाज आला, पाण्यात न भिजणारे अंग आले. पण माईक राहिला तो अंगातच, बारीक भोकामागे, आणि ते अंग आपण नेमके वाऱ्याच्या तोंडावर बांधतो.

यावर पुष्कळांचा पहिला विचार असा, की आवाज वाढवावा किंवा भारी कॅमेरा घ्यावा. दोन्ही विचार आडवाटेचे. आवाज वाढवला तर वाराही तितकाच वाढतो. शिवाय अनेक कॅमेऱ्यांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असते. वारा गरजला की ती सगळेच खाली दाबते, त्यात शब्दही दाबले जातात. वारा थांबला की ती सगळेच वर उचलते, मग श्वाससुद्धा मोठा ऐकू येतो. ऐकणाऱ्याला वाटते, कोणी खटका वरखाली करीत बसले आहे.

दुसरी समजूत अशी, की नंतर संगणकावर साफ करून घेऊ. थोडेफार साफ होते, नाही असे नाही. वाऱ्याची घरघर बहुतेक खालच्या पट्टीतली असते आणि शब्द ओळखू येतात ते व्यंजनांच्या वरच्या पट्टीमुळे. म्हणून शंभर-सव्वाशे कंपनांखालचा भाग गाळून टाकला तर बोलणे मोकळे होते. जुना टेलिफोन तर तीनशे कंपनांखालचे जवळजवळ काहीच पोहोचवीत नसे, तरी आपण निरोप समजून घेतच होतो! आता नव्या संगणकीय युक्त्याही पुष्कळ निघाल्या आहेत. परंतु वाऱ्याने माईकचा पडदा एकदा शिगेपर्यंत रेटला, की त्या क्षणी शब्दाची थरथर नोंदलीच जात नाही. जे नोंदलेच नाही ते गाळून काढणार कुठून? आपल्या घरातील बायका हे चांगले जाणतात. गव्हातले खडे निवडता येतात; एकदा दळून पीठ झाले, की त्यातली माती निवडता येत नाही. निवडायचे ते जात्यात घालण्यापूर्वी.

म्हणून या विषयातले मुख्य सूत्र एकच: आवाज वाढवू नका, वारा अडवा. माईकला आडोसा द्या.

आडोसा कसा असावा, हे जळगावकडच्या केळीवाल्यांना विचारावे. केळीचे पान वाऱ्याने फाटते, म्हणून ते बागेभोवती शेवरीची दाट रांग लावतात. पक्की भिंत का बांधत नाहीत? पैशाचा प्रश्न सोडा; भिंतीवर आपटलेला वारा तिच्यावरून उडी घेतो आणि पलीकडे भोवरे करीत कोसळतो. शेवरीच्या कुंपणातून मात्र तो गाळून जातो. त्याचा जोर पानापानांत विरतो आणि आतली बाग शांत राहते. माईकवर घालायची स्पंजाची टोपी म्हणजे अशीच शेवरी. तिच्या अगणित छिद्रांतून हवेचा धक्का विरतो, पण आवाजाची बारीक लहर आरपार जाते. स्पंजावर आणखी लांब केसांचे टोपडे मिळते. बाजारात त्याला ‘डेड कॅट’, म्हणजे मेलेले मांजर, असे विलक्षण नाव आहे. नाव काही असो, काम चोख करते. तेच भोकावर चिकटपट्टी घट्ट चिकटवून पाहा: वारा कमी होतो, पण शब्दही गुदमरतो. कुंपण हवे, भिंत नको.

स्पंज आणि केस एवढ्यानेही साठच्या वेगाला पुरे पडत नाही. माईक मुळातच वाऱ्याबाहेर न्यावा. मोटारसायकलवर वाऱ्याबाहेरची सर्वांत चांगली जागा कोणती? पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटच्या आत, हनुवटीपुढच्या भागात. सदऱ्याला लावायचा शेंगदाण्याएवढा तारेचा माईक मिळतो. तो स्पंजाच्या टोपीसह आतल्या बाजूला चिकटवावा. अगदी ओठांसमोर नको. तिथे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना आपलीच फुंकर त्यावर आदळते. ओठांच्या कोपऱ्याच्या थोडा बाजूला, दोन बोटांच्या अंतरावर असावा. तार गालाच्या गादीच्या कापडाखालून नेऊन मानेपाशी बाहेर काढावी.

जवळ आणण्याचा फायदा दुहेरी आहे. आडोसा मिळतो तो मिळतोच. शिवाय अंतर निम्मे केले की मोकळ्या हवेत आवाजाचा दाब दुप्पट होतो. छातीवरच्या कॅमेऱ्यापासून तोंड एक वीतभर तरी दूर असते. हेल्मेटमधला माईक त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यावर येतो. शब्द तितका ठळक आणि वारा तितका दूर. हेल्मेटची काच मात्र खाली हवी. काच उघडली की आडोसा संपला.

अर्ध्या हेल्मेटला हनुवटीची बाजू नसते. ज्यांच्याजवळ तेच आहे त्यांनी माईक जाकिटाच्या आत, सदऱ्याच्या वरच्या गुंडीपाशी लावावा. आवाज थोडा दबका येतो, पण शब्द कळतो. मघाच्या आजोबांच्या बाबतीतही हेच करता आले असते. मागे बसणाऱ्याला चालवणाऱ्याच्या पाठीचा आडोसा असतोच. आजोबांच्या कोटाच्या किंवा शालीच्या आत माईक आणि त्यांच्याच खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र असते, तर घाटाची नावे आज आपल्याजवळ असती.

आता जोडणीविषयी दोन शब्द. मोबाईलसाठी असलेल्या माईकच्या टोकाला बहुधा तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्यासाठीच्या टोकाला दोन. एकाचे दुसऱ्यात घातले तर आवाज येत नाही किंवा फार क्षीण येतो, आणि माणूस उगाच माईक बिघडला म्हणून फेकून देतो. काही कॅमेऱ्यांना माईक जोडायला वेगळा दुवा घ्यावा लागतो. बिनतारी माईकही मिळतात. काही नव्या कॅमेऱ्यांना, उदाहरणार्थ २०२३ च्या गोप्रो हिरो १२ ला, ते ब्लूटूथने जोडता येतात. पण बिनतारी झाला म्हणून वारा त्याला सोडीत नाही. आडोसा त्यालाही हवाच.

कोकणातल्या श्रोत्यांसाठी एक सूचना. तारेचा माईक जोडायला कॅमेऱ्याच्या बाजूचे झाकण उघडे ठेवावे लागते, आणि झाकण उघडले की त्याचा जलरोधकपणा गेला. ज्या पाण्यासाठी तो बनवला, तेच पाणी त्याला मारते! पावसात कॅमेरा बंद झाकणाने चालू द्यावा आणि आवाज वेगळा घ्यावा.

आवाज वेगळा घेण्याची ही रीत गरिबाघरचीही आहे. खिशातला मोबाईल हेच ध्वनिमुद्रण यंत्र. त्याला तारेचा माईक जोडावा, आतल्या खिशात ठेवावा आणि मुद्रण सुरू करावे. कॅमेरा सुरू करून त्याच्यासमोर एकदा मोठ्याने टाळी वाजवावी. नंतर जोडकाम करताना चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकावर एक आणली, की दोन्ही जुळतात. सिनेमावाले पाटीचा खटका वाजवतात तो यासाठीच. मात्र दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. तासाभरात ओठ आणि शब्द यांची फारकत होऊ लागते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबावे आणि नव्याने टाळी वाजवावी.

कोणी म्हणेल, “अहो, पण आम्हांला इंजिनाचाच आवाज हवा!” हौसेला मोल नाही. त्यासाठी दुसरा माईक मागच्या बाजूला, बैठकीखाली वा नंबरप्लेटच्या आतल्या अंगाला, वाऱ्याच्या आड लावावा. पत्र्यावर सरळ चिकटवू नये, थरथर शिरते. खाली जाड स्पंज घालावा. सायलेन्सरच्या आचेपासून आणि चाकापासून तार दूर बांधावी. मुद्रणाची पातळी हाताने ठरवता येत असेल तर खालीच ठेवावी. हळू आलेला आवाज पुढे वाढवता येतो. फाटलेला शिवता येत नाही.

हे सर्व नीट जमले की नाही, ते घरी ओसरीवर बसून कळत नाही. मोकळ्या रस्त्यावर एक मिनिट २० च्या वेगाने, एक मिनिट ४० ने, एक मिनिट ६० ने जावे आणि प्रत्येक वेळी वेग तोंडाने सांगावा. मग थांबून कानाला हेडफोन लावून ऐकावे. कोणत्या वेगापर्यंत आपला शब्द टिकतो, ते आपले आपल्याला कळेल. त्याच्या पुढे गप्प बसावे! थांबावे, इंजिन बंद करावे, माणसाला झाडाच्या किंवा देवळाच्या आडोशाला बसवावे आणि मग बोलते करावे. उत्तम आवाज उभ्या गाडीवरच मिळतो.

शिक्षक बंधुभगिनींना यात एक सुंदर पाठ सापडेल. वर्गात टेबलाचा पंखा लावा, त्यासमोर मोबाईल ठेवा आणि एका मुलाला पाढे म्हणायला सांगा. ध्वनिमुद्रण करा: एकदा उघड्या माईकवर, एकदा पातळ पोलादी डब्याच्या आड, एकदा स्पंजाच्या तुकड्याखाली, एकदा लोकरीच्या टोपीत. मुलांना ऐकवा आणि विचारा, पाढे कशात स्पष्ट आले? का आले? दाब, वेग, कंपन हे तीन शब्द त्यांना फळ्यावर लिहून द्यावे लागणार नाहीत. आणि मग त्याच मुलांना सांगा, घरी जाऊन आजीची एक गोष्ट, शेतांची नावे, ओढ्यांची नावे अशीच आडोशाला बसून नोंदवून आणा.

शेवटी सावधगिरी. हेल्मेट हे कॅमेऱ्याचे स्टँड नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ ने चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही ते बंधनकारक केले आहे, ते डोके वाचावे म्हणून. त्याला भोके पाडू नका, आतला कडक थर्माकोल कोरू नका. अपघातात धक्का सोसतो तो तोच थर. हेल्मेटवर बाहेरून कॅमेरा लावण्याविरुद्ध केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ साली कारवाईचा पवित्रा घेतला होता. छातीवरचा पट्टा अधिक बरा. माईकची तार अशी असावी की ओढ बसताच निसटून यावी, मानेला अडकू नये. आणि चालत्या गाडीवर खटके दाबणे, कॅमेरा चाचपणे अजिबात नको.

कानांचीही काळजी घ्या. जो वारा माईकला बहिरा करतो, तो तुमच्या कानावरही तोच प्रयोग करीत असतो. ऐंशी-शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत नव्वद डेसिबलच्या वर गोंगाट असतो. अमेरिकेतील नायोश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला दिवसाकाठी आठ तास ही मर्यादा, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एकच तास. लांबच्या प्रवासात वेग आवरावा, मधूनमधून थांबावे. माईकला आडोसा देणाऱ्याने स्वतःच्या कानाला तो नाकारू नये.

घाट उद्याही तिथेच राहील. त्याचे चित्र आज नाही तर उद्या घेता येईल. सांगणारे माणूस मात्र उद्या असेलच असे नाही. तेव्हा पुढच्या खेपेला गाडी काढाल तेव्हा कॅमेऱ्याची काच पुसायला विसरू नका, आणि माईकवर बोटभर स्पंज घालायलाही विसरू नका. नमस्कार.